वेळेत विझलेला दिवा आणि जावईबापू

मी, खाली सही करणारी, शिवणवर्गाची निवृत्त बाई, सध्या मुक्काम महिला वॉर्ड, खिडकीजवळची खाट. मांडीच्या हाडाचे ऑपरेशन उद्या आहे. भूल उद्याच देणार, तेव्हा हे मृत्युपत्र लिहितानाच्या माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. दबाव म्हणाल तर फक्त रक्तदाब मोजायला दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा.

१. राहते घर मुलीला. तिने विकावे, ठेवावे, काय वाटेल ते करावे. पडदे मात्र माझ्या नणंदेच्या हाती लागू देऊ नयेत. माझ्या शिलाईला तिने चारचौघांत नावे ठेवली होती.

२. शिवणयंत्र पलीकडच्या खाटेवरच्या आजींना देणार होते. ते आता शक्य नाही. मुलीने ते गरजूला द्यावे.

३. आता जावईबापू. ते याच दवाखान्याचे गुणवत्ता अधिकारी. रुग्णाने बेल दाबल्यावर खाटेवरचा दिवा किती लवकर विझवला जातो, यावर ते सेवा मोजतात. म्हणून सिस्टर धावत येतात, दिवा विझवतात, "आलेच हं" म्हणतात आणि जातात. आजी दुपारभर पाणी मागत होत्या. दिवा दर वेळी वेळेत विझला. माझा पाय वजनाला टांगलेला, मला उठता येईना. आजी तहानलेल्याच गेल्या. ते माझ्या मनातून जात नाही.

जावईबापूंना हे सांगितले, तर मोबाईल पुढे करून म्हणाले, "आई, तुमचा वॉर्ड पहिला आलाय."

तरी बँकेतली ठेव त्यांनाच. अट एकच. त्यांनी याच खाटेवर पाय टांगून एक दिवस पडावे आणि बेल दाबून पाणी मागावे. पाणी आले तर ठेव त्यांची, नुसता दिवा विझला तर मुलीची. त्या दिवशी मुलीने भेटायला जाऊ नये, तिला नवऱ्याचा लगेच पुळका येतो.

४. वर्गातली पितळी घंटा जावईबापूंच्या टेबलावर ठेवावी. तिला बंद करायचे बटण नाही.

५. उद्या मी वाचलेच, तर कलम तीनची अट मी स्वतः उभी राहून पुरी करून घेईन.

स्थळ: वरीलप्रमाणे. दिनांक: १९ नोव्हेंबर.
सही

साक्षीदार:
१. समोरच्या खाटेवरची भाजीवाली. सही डाव्या हाताने, उजवा प्लास्टरमध्ये.
२. सिस्टर. बेल बंद करायला आल्या होत्या. मी म्हटले, "दिवा राहू दे, आधी पाणी द्या." त्यांनी पाणी दिले, सही केली, मग दिवा विझवला. वॉर्डाचा नंबर घसरलाच, तर जावईबापूंनी त्यांना बोल लावू नये.