तिसरी घंटा मयुराची

प्रिय अक्षया,

फोनवर तू हल्ली हो-नाही करून दोन मिनिटांत ठेवून देतेस, म्हणून हे कागदावर. रागाव, पण आधी वाच! अगं, आपल्या मयुराने आज शाळेत काय कमाल केली सांगू!

तिच्या स्पेशल स्कूलमध्ये यंदा नाटकाचा क्लब निघाला. त्यांच्या गौरव सरांपुढे मीच शेखी मिरवली, की आमच्या पुण्यात तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो, मग कुणी येवो न येवो. सरांना ते इतकं आवडलं की बाजारातून पितळी घंटा आणली आणि दिली कुणाला? आपल्या बाईसाहेबांना! मी घाबरले. म्हटलं, अहो, तिला नको, वेळेच्या बाबतीत ती फार हट्टी आहे, भर कार्यक्रमात गोंधळ घालेल. सर हसून म्हणाले, आंटीजी, बिल्कुल चिंता मत कीजिए. तेव्हापासून घरी जेवणाआधीही तीन घंटा. बाबा बिचारे तिसरी होईपर्यंत पोळीला हात लावत नाहीत.

आज खेळ साडेचारचा. प्रमुख पाहुणे कुणी बडे साहेब, ते दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. इथे पाहुण्यांशिवाय पान हलत नाही गं, दीप कोण लावणार? प्रिन्सिपल मॅडम फोन कानाला लावून गेटकडे पळाल्या. इकडे सव्वाचारला पहिली घंटा, चार पंचवीसला दुसरी. मी धावत विंगेत गेले, तिचा हात धरला, मयू, थांब, साहेब येऊ देत. तिने मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं, माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि ठण्ण! पडदा वर!

आणि मुलं तयार होती, अक्षया! घंटा ऐकली की सुरू, एवढंच त्यांना शिकवलेलं. वर्गात तोंड न उघडणारा तो ऋग्वेद राजा होऊन असे हुकूम सोडत होता की बास! साहेब पंचवीस मिनिटं उशिरा आले ते गुपचूप शेवटच्या रांगेत बसले, आणि खेळ संपल्यावर टाळ्यांना सगळ्यांआधी तेच उभे राहिले. मॅडम चांगल्या तावातावाने मयुराकडे निघाल्या होत्या, पण तिला जवळ घेऊन रडल्याच.

एवढ्या हॉलमध्ये तिला अडवायला धावले कोण? मी. सख्खी आई. घरी येताना रिक्षात हेच डोक्यात घुमत होतं, आणि ती शेजारी बसून मजेत आइसक्रीम खात होती.

तू विचारलं होतंस, माझी करवली मयुरा का नको? मी म्हटलं, दगदग होईल, तिला झेपणार नाही, तिला इथेच आत्याकडे ठेवू. खोटं होतं गं ते. तुझ्या सासरचे काय म्हणतील, या लाजेपायी मी तिला लपवत होते. तू ते ओळखलंस, म्हणून तर मी तुझ्यावर एवढी ओरडले. चुकले मी. पुण्याची दोनच तिकिटं काढली होती, आज तिसरं काढलं. बोहल्यावर तुझ्या मागे करा घेऊन मयुराच उभी राहील. तिला मी अजून सांगितलेलं नाही, तो हक्क तुझा. हे पत्र मिळाल्यावर फोन करशील तेव्हा माझ्याशी नंतर बोल, आधी तिला विचार.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
आई