शेंदराचा दगड आणि आभाळाची रेघ

१२ एप्रिल
धुऱ्याची पूजा झाली. आमच्या नि धाकट्या दिराच्या, प्रकाशभाऊजींच्या, वावरांमधल्या बांधावरचा तो हद्दीचा दगड, बोरीला टेकून. दरवर्षी शेंदूर मीच लावते. मोनाली सोबत होती. कॉलेजात द्यायचे म्हणून नांगरलेल्या वावराचे तीन फोटो काढले. आभाळ टेकतं ती रेघ एकात खाली, एकात मधोमध, एकात वर. मी म्हटलं, आभाळवाला ठेव, देवाचं आहे. ती म्हणे, "आई, आभाळ कोरं आहे. त्याले काऊन एवढी जागा द्याची? रेघ वर ठेवली का जमीन बोलते. मधात आली का फोटो मरते." बरं, पण एकच ठेव, मोबाईल भरतो. दोन पुसायला लावले. उरला त्यात नांगराची तासं लांबवर गेलेली, खाली कोपऱ्यात बोर नि दगड. शेंदूर ओला.

१९ एप्रिल
हे दुपारीच वावरातून आले. राखेनं हात घासत बसले. नखातला शेंदूर निघेना. "दगडाले हात काऊन लावला तुमी?" एवढंच विचारलं. तांब्या फेकून मारला. भुवई फुटली. हळद दाबली. हरिपाठ उघडला, अक्षरं दिसेनात.

२२ एप्रिल
लिहवत नाही.
सकाळी भाऊजी म्हणाले, "दादा, दगड नांगराची चार तासं माह्याकडे सरकला." हे म्हणाले, "होता तिथंच आहे." भाऊजी दगड उपटायला वाकले तशी यांनी लोखंडी सब्बल त्यांच्या डोक्यात हाणली. एकदा नाही. तो आवाज नारळ फोडल्यासारखा. देवा. माझी जाऊ लता धावली, यांच्या दंडाला चावली. मी तिला केसांनी ओढून तासातल्या ढेकळांत पाडलं, तोंडावर मारलं. मी. तिचा दात माझ्या बोटात रुतला. उपास होता माझा.

२४ एप्रिल
भाऊजी वर्ध्याला दवाखान्यात. डावा डोळा उघडत नाही. हे ठाण्यात जबाब देऊन आले. तो माझ्या हद्दीत घुसला म्हणून मारलं, असं. आता सगळं दगडावर. आधी कुठे होता तो.
बोट ठणकतं. भाकरी थापता येत नाही.

२६ एप्रिल
जमादार येऊन गेले. लतानं त्यांना सांगितलं, पूजेच्या दिवशी पोरगी फोटो काढत होती. उद्या सकाळी ठाण्यात दाखवायचा. ते वळले तसं यांनी मोनालीचं मनगट पिरगाळलं.
"पुसला तं शक येईन. दगड दिसला नाई पाह्यजे."
"खालून कापा लागते मंग. रेघ मधात येते."
"येऊ दे. नाई केलं तं तुह्याही डोक्यात सब्बल."

दुपारी लता फाटकाशी आली. ओठ सुजलेला. वाटलं, शिव्या देईल. म्हणाली, "बाई, शेंदूर तुमीच लावता ना?" आणि गेली.

दिवा लावला. शेंदराची डबी देवापाशीच आहे. मोनाली मोबाईल घेऊन आली, मनगट काळंनिळं. "आई, रेघ कोठी ठेवू?"
थांब म्हटलं, एवढं लिहून होऊ दे.
ती समोर बसून आहे.