माइक नको

पास्टरबाई, जय ख्रिस्त.

प्रभूनं मला कसं सोडवलं याची साक्ष मी बेलापूरच्या मोठ्या सभेत द्यायची म्हणून तुम्ही बॅनरवर माझा फोटो छापलाय. मी येणार नाही.

रागावू नका. घणसोलीच्या आमच्या खोलीत तुम्ही उपास धरून प्रार्थना केलीत आणि माझ्या अंगात यायचं ते थांबलं. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण तेव्हापासून दर रविवारी तुम्ही मला माइक देता. आधी मी दोन वाक्यांत उरकून माइक परत द्यायची. आता बायका टक लावून बघायला लागल्या की माझा आवाज चढतो, मान डोलायला लागते. परवा तर अंबाडा सुटला आणि पुढच्या रांगेतली म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली. बाई, अंगात यायचं तेव्हाही बायका अशाच वाकायच्या. मला तेव्हाही बरं वाटायचं, परवाही वाटलं.

तुम्हीच म्हणाला होता, सुटका झाल्यावर घर रिकामं ठेवू नका, जुना भाडेकरू परत येतो. माझा भाडेकरू त्या माइकमधून आत यायला बघतोय.

सभेनंतर मी चहाची भांडी घासते ना, तेव्हा माझ्याकडं कुणी बघत नाही आणि प्रार्थना आपसूक ओठांवर येते. मला तेवढंच राहू द्या.

तोंडानं एवढंच सांगेन, माइक नको, मी भांडी घासते. हे पत्र काही तुम्हाला द्यायची नाही. वाचून तुमचे डोळे भरतील आणि तुम्ही म्हणाल, "राजेश्वरी, रविवारी हीच साक्ष दे."

तुमच्या मोरीपाशी बसलेली,
राजेश्वरी