राजा पार्कमधली दाद

कऱ्हाड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सावनीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. गाडीत झोप लागली नाही, पण तो दोष गाडीचा नव्हे. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू जेवण आणि गोळ्या यांच्यापलीकडे जात नाहीस, आणि मला त्या संध्याकाळबद्दल सविस्तर लिहायचं आहे.

अगं, काय श्रोते आहेत तुमच्या जयपूरला! महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम म्हणजे दहा-बारा पेन्शनर आणि वड्यांचा वास, अशी मी मनाची तयारी केली होती. राजा पार्कचा तो हॉल भरलेला बघून वाटलं, आपण चुकून कुणाच्या लग्नात शिरलो. बिहागातल्या माझ्या बंदिशीत, अंतऱ्यात तीव्र मध्यम एकदाच येतो, तोही ओझरता. इतक्या वर्षांत तो कुणाच्या कानाला लागला नव्हता. जयपुरात त्याला दाद आली! झपतालातल्या चिजेत समेवर मी शब्दच ठेवलेला नाही, तो एक मात्रा मागून येतो. कच्चा श्रोता रिकाम्या समेवर मान हलवून मोकळा होतो. हे लोक बरोबर थांबले आणि मग वाह म्हणाले. दाद जराशी उशिरा यायची हे खरं, पण विचार करून दिलेली दाद उशिराच येणार.

तुला माझी कारकीर्द ठाऊक आहे. सकाळी संगीत विद्यालयात पोरांचं सारेगम, दुपारी कुणाची तरी ऑर्डर. शाळेची प्रार्थना झाली, पतसंस्थेचं सुवर्णमहोत्सवी गीत झालं, साखर कारखान्याचा बॉयलर पेटवताना म्हणायचं स्वागतगीतही झालं. त्यावर घर चाललं. बंदिशी मात्र स्वतःसाठी केल्या. विद्यार्थी त्या पुण्या-मुंबईला गातात आणि निवेदक रचना पारंपरिक आहे असं सांगून सुटतो. जिवंतपणी पारंपरिक झालेला मी एकटाच असेन. हे मी केलंय आणि समोरच्याला ते कळलंय, असं जयपुरात पहिल्यांदा वाटलं.

एक विचार मनात घोळतो आहे. पक्का झाला की कळवीन. सुहासिनी मेतकूट पाठवते आहे.

माया आजवर आटू दिली नाहीस, पुढेही आटू देऊ नकोस.

तुझे आजोबा,
पंढरीनाथ


सोडाला, जयपूर,
१८ फेब्रुवारी

ती. स्व. आजोबांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आनंद झाला, मतलब, तुम्हाला आनंद झाला याचा झाला. (मतलब म्हटल्याशिवाय मी आता बोलतच नाही, असं तुम्ही चिडवलं होतं. खरं आहे.)

पण एका कार्यक्रमावरून गावाची पारख करू नका. इथे एप्रिलपासून ऊन सोसवत नाही. पाणी जड आहे, तुमच्या घशाला बाधेल. मंडळातली माणसं चांगली, पण त्यांना भावगीतं लागतात. तुमचा तो विचार पक्का व्हायच्या आधी मला सांगाल ना? नक्की सांगा.

सीतापुऱ्याला कंपनीत एक्स्पोर्टच्या ऑर्डरची घाई आहे, घरी यायला उशीर होतो. म्हणून एवढंच. आत्याला नमस्कार.

लोभ करता तो माझ्या लायकीहून जास्तच आहे, तरी असू द्यावा.

तुमची,
सावनी


कऱ्हाड,
२६ फेब्रुवारी

चि. सावनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांचा विचार पक्का झाला, आणि तो मला भाजीवाल्याकडून कळला. विद्यालयाचा राजीनामा दिला. सुधाकररावांनी मुख्याध्यापक म्हणून दोनदा घरी येऊन समजावलं, शेवटी हात टेकले. पाडव्याला जयपुरात वर्ग सुरू करायचा म्हणे. तू राजा पार्कच्या आसपास दोन खोल्या बघायच्या आहेत, तळमजल्यावर, गुडघ्यामुळे. न्हाव्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना तो मध्यम सांगून झाला आहे.

आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, म्हणून माझ्याच्याने मोडता घालवत नाही. पण पोरी, मी त्यांची लेक आहे, त्यांच्या पुष्कळ मैफिलींत सतरंज्या उचलल्या आहेत. हॉल भरलेला कधी बघितला नाही. आणि तुझ्या पत्रात ऊन आहे, जड पाणी आहे, गाण्याबद्दल एक अक्षर नाही. काही असेल तर मला सांगू नकोस. त्यांना सांग, आणि पाडव्याच्या आत सांग.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी आत्या,
सुहासिनी


सोडाला, जयपूर,
५ मार्च

ती. स्व. आजोबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र किती वेळा लिहून फाडलं सांगता येत नाही. आता जसं येईल तसं लिहिते.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. छावणीतल्या लष्करी कुटुंबांचा त्याच संध्याकाळी समारंभ निघाला होता, बाकीचे लग्नांना जाणार होते. हॉलमध्ये सात-आठ माणसं येतील असं ते म्हणाले. तुम्ही तेव्हा माझ्या खोलीत तंबोरा लावत होतात. आत येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. माझ्याने झालं नाही.

मी निहारला, माझ्या ऑफिसातल्या मित्राला, फोन केला. आमच्या कंपनीतल्या पाळी सुटलेल्या कामगारांची बस आम्ही राजा पार्ककडे वळवली आणि कार्यक्रमानंतर दालबाटीचं जेवण कबूल केलं. कापड कापणारी, शिवणारी, दमलेली माणसं, आजोबा. असलं गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी पुढे बसते, मी खांद्यावरचा पदर सावरला की सगळ्यांनी वाह म्हणायचं, असं मी त्यांना बसमध्ये शिकवलं. दाद उशिरा यायची ती त्यामुळे. तुम्ही डोळे मिटून गाता, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

इथे थांबता आलं असतं, पण एक राहिलंय. तुम्ही चिटणीसांकडे जेवायला गेलात आणि मी माणसांना सोडायला बसमधून गेले. एकाने तुमची नक्कल केली, डोळे मिटून, हात वर करून. दुसऱ्याने नसलेला पदर सावरला आणि सगळी बस वाह वाह ओरडली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, दिवसभराचा शीण काढत होते. पण आजोबा, मीही हसले. सगळं निभावलं म्हणून हलकं वाटत होतं, पोट धरून हसले. त्या हसण्याची मला इतकी लाज वाटते की तुमचं पत्र पुन्हा उघडवत नाही.

राजीनामा परत घ्या. खोल्या मी बघितलेल्या नाहीत. इथे माझ्याशिवाय तुमची वाट बघणारं कुणी नाही, आणि माझं तोंड तुम्हाला बघवेल की नाही, मला माहीत नाही.

लोभ असावा असं लिहायची आज हिंमत नाही.

सावनी


कऱ्हाड,
२४ मार्च

चि. सावनीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर केला. राग आला होता. बस वळवल्याचा नव्हे. दिवसभर मशीनवर बसून आलेल्या माणसांनी कुणाच्या तरी आजोबांसमोर मांडी घातली, त्यांना माझा नमस्कार सांग. तुझं हसणं मात्र लागलं. ते लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं असं फार वाटलं. आता तसं वाटत नाही.

विद्यालयात जाऊन आलो. सुधाकररावांपुढे उभं राहून राजीनामा परत मागितला, पण माझ्या जागी नवे गुरुजी नेमले गेले आहेत. त्यांच्या हाताखाली रविवारचा लहान मुलांचा वर्ग मिळाला, तो घेतला. जयपूर रद्द झालं हे न्हाव्याला सांगताना मान वर होत नव्हती. कुणी कारण विचारलं की गुडघा पुढे करतो.

पण याहून मोठी लाज निराळीच आहे आणि ती तुझ्याजवळच सांगायला हवी. खूण तू करत होतीस, तर मग तो मध्यम ओळखला कुणी? रिकामी सम कुणाला कळली? तू लहानपणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नेमक्या त्याच जागांना मान हलवायचीस आणि मी तुला अभ्यासाला पिटाळायचो. तुझी आजी पोळी लाटता लाटता हात थांबवायची. त्याला मी कधी दाद म्हटलंच नाही. घरचे काय, चांगलंच म्हणणार. तीच दाद परक्यांच्या तोंडून आली तेव्हा मी जन्माची नोकरी टाकून निघालो. तू एका संध्याकाळी हसलीस. मी सबंध आयुष्य तुम्हा दोघींना ऐकणारी माणसं म्हणून धरलंच नाही.

आता एक काम कर. सुरुवातीला मी मारवा गायलो होतो. ती बंदिश संपेपर्यंत हॉल गप्प होता. लोक अजून स्थिरावताहेत, अशी मी मनाची समजूत घातली. म्हणजे गप्प तू होतीस. अख्ख्या बंदिशीत तुझा हात पदराकडे गेला नाही. तिच्यात काहीतरी फसलंय हे मलाही पुष्कळ दिवस जाणवतं, पण विचारावं असं कुणी आहे, हेच मला माहीत नव्हतं. काय फसलंय ते लिही. आजोबा म्हणून सांभाळून घेऊ नकोस. तुझं पत्र येईपर्यंत ती बंदिश मी कुणाला शिकवणार नाही.

लोभ होता तिथेच आहे. तुझा मला हवा आहे.

तुझे आजोबा,
पंढरीनाथ