गुपचूप चालणारा जनरेटर

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. नसायला काय झालं, वीज सगळी तुमच्याकडेच आहे.

अंगणाच्या एका टोकाला तुझं घर, दुसऱ्या टोकाला माझी सुतारकामाची शेड, आणि मधे आपण भाऊबहीण पत्रं लिहितोय. पण सुरुवात तू केलीस. घरातून शेडला येणारी वायर तोडून महिना झाला, तू एक शब्द बोलला नाहीस, आणि परवा दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवलीस: ‘ताई, छोटा जनरेटर घे. सोबत चित्र जोडलं आहे. आवाज अजिबात नाही.’ चित्रात एक बाई बागेत बसून त्यावर फोन चार्ज करते आहे. माझी करवत काय फोन आहे?

सुताराच्या पोटी जन्मून तुला एवढंही कळू नये. करवतीची मोटर सुरू होताना हिसका देते, तेव्हा तिला नेहमीच्या दुपटी-तिपटीनं वीज लागते. जनरेटर त्या हिसक्याला पुरला पाहिजे, करवतीवर छापलेल्या आकड्याला नव्हे. पण तू पडलास साहेब. कागदावर बेरीज जुळली की तुझं काम झालं.

आणि शेवटची ओळ तर सोन्याच्या पाण्यानं लिहून ठेवण्यासारखी: ‘शेडच्या आत ठेवून दार लावून घे, म्हणजे बाबांना त्रास नको.’ शाबास रे उंटावरच्या शहाण्या. बंद खोलीत त्याचा धूर कोंडला की माणूस झोपतो तो उठत नाही. आवाजही बंद, बहीणही बंद.

काल करवत हातगाडीवर घातली आणि जनरेटरच्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, “ताई, कॅटलॉग बघून सांगायचं ना, ही कशाला आणलीत?”

मी म्हटलं, “लग्न हिचं आहे, पसंतीही हिचीच.”

आधी तुझं ते चित्रातलं लाडकं लावलं. करवतीचं बटण दाबलं, तर त्यानं एक उचकी दिली आणि मान टाकली. दुकानदार म्हणाला, “हे आपलं दिवे-पंख्याला बरं.” मग बाकीचे एकेक लावून पाहिले; जाड फळी घातल्यावरही टिकले ते दोनच. एक असा, की सुरू झाल्यावर शेजारच्यानं शटर ओढून घेतलं. दुसरा त्याहून जड, पण गुपचूप काम करणारा. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पहिला आणून तुझ्या झोपायच्या खोलीसमोर ठेवावा, असं मनात आलंच होतं.

घेतला दुसरा. हुरळून जाऊ नकोस, तुझं ऐकलं म्हणून नव्हे. जनरेटरच गरजायला लागला तर करवतीचा आवाज बाबांना नीट ऐकू जाणार नाही.

हे तुला समजावून सांगावं लागतंय याचीच मला चीड येते. वाचा गेल्यापासून बाबा तुझ्या घरातल्या त्यांच्या खिडकीच्या गजांवर काठी आपटतात. तुला वाटलं, त्यांना माझ्या आवाजाचा त्रास होतो. मूर्खा, ते मला शिकवत असतात. एक ठोका म्हणजे लाकूड रेटू नकोस. दोन म्हणजे पातं बोथट झालंय. पलंगावर पडल्या पडल्या, नुसत्या आवाजावरून. मी उशाशी जाऊन बसते तेव्हा ते छताकडे बघत राहतात. जवळ बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे त्यांना धडधाकट असतानाही कळलं नाही. आमचं बोलणं व्हायचं ते त्या खिडकीतूनच.

वायर तोडलीस त्या दिवशी त्यांनी काठीचा सपाटाच लावला, थांबेचनात. मी घाबरून बटण बंद केलं. बघते तर पात्याचा नट ढिला होऊन निसटायला आला होता, आणि माझे दोन्ही हात त्याच्यासमोर. मी तो नट हातात धरून बसले होते आणि तू अंगणातून ओरडलास, “बघ, बाबांनाच नकोय तुझं हे.” संध्याकाळपर्यंत वायर तोडलीस, खिडकीही लावून टाकलीस. तुझं ते वाक्य मला फार लागलं. बापाजवळ सगळा जन्म काढून ज्याला त्याची काठी कळली नाही, त्याला काय सांगायचं?

तुझी बायको म्हणत होती, बाबा आता काठी हातात घेत नाहीत. दिली तर पलंगाखाली ढकलतात. मी भिऊन धंदा सोडला, असंच ते समजून बसलेत. वायर तोडलीय म्हणून मी त्यांना सांगून पाहिलं. पोटचा पोरगा असं करेल, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसावं. मला त्यांची फार आठवण येते रे, ते समोर असताना.

उद्या सकाळी जनरेटर शेडच्या बाहेर, मागच्या भिंतीला ठेवून करवत सुरू करणार आहे. त्याआधी ती खिडकी उघड आणि काठी त्यांच्या हातात दे. याला अक्कल लागत नाही, तेव्हा तुला जमेल. त्यांनी आपटली तर मधे पडू नकोस. खिडकी लावलेलीच ठेवलीस, तरी मी काम करणारच. फक्त चुकले तर मला सांगणारं कुणी नसेल.

दहाही बोटं अजून जागेवर असलेली,
तुझी ताई