ट्रॅक्टर काकांचंच ऐकतो

वारजे, पुणे
दसऱ्यानंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप वैजनाथमामांस शंभूचा साष्टांग नमस्कार. (ट्रॅक्टरखाली उताणा पडून लिहितोय, त्यामुळे नमस्कार उलटा पोचला तर सुलटा करून घ्यावा.) लोणीत सगळे बरे असतीलच. आपला गुडघा काय म्हणतो? पत्र अशासाठी, की फोनवर आपण "आधी ट्रॅक्टर चालू कर, मग बोल" एवढंच म्हणून ठेवून देता आणि बूथवाला माझ्याकडे बघून हसतो. रविवारी येऊन ट्रॅक्टर परत नेणार, असा आपला निरोप मिळाला. त्याआधी माझी बाजू ऐकून घ्या.

इथे कंप्युटरवाल्यांसाठी सोसायट्या उगवल्यात. लिफ्ट आहे, इंटरकॉम आहे, पोहायचा तलावसुद्धा बांधलाय. फक्त पाणी नाही. मान लांब केली तर गच्चीवरून खडकवासला दिसतं, पण नळात यायची त्याला घाई नाही. (टाकी बघायला म्हणून गच्चीवर गेलो होतो, तिथेच संध्याकाळ झाली. फार छान दिसतं.) तर या लोकांना टँकरने पाणी पोचवणं हे आपल्या ट्रॅक्टरचं काम, आणि दसऱ्यापर्यंत त्याने ते निमूट केलं. दसऱ्यापासून मात्र रोज तीच तऱ्हा. सकाळी एका झटक्यात सुरू, विहिरीपासून पुलापर्यंत नुसता वाघ, आणि सोसायटीचा चढ लागला की आवाज बारीक होतो, धाप लागते, खलास. मागे गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीत एक इंजिनिअर, पण खाली कोणी उतरत नाही.

गॅरेजवाला माऊली म्हणाला, डिझेलच्या लाइनीत हवा धरलीय. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसलो, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत. इतका मारला की माझा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झालाय. सुरू झाला, चढावर बंद! मग म्हणे फिल्टर चोंदलाय. नाना पेठेत फिल्टर आणायला गेलो (तिथे एक जण भंगारातून अख्खी स्कूटर जोडत होता, ती उभी राहण्याआधी निघणं बरं दिसेना). नवा फिल्टर, चढावर बंद! पाइप तोंडाने फुंकला. दोन दिवस जे खाल्लं त्याला डिझेलची फोडणी. शेवटी माऊली म्हणाला, डिझेलचा पंपच उतरवू, आणि हे म्हणताना त्याचा चेहरा इतका खुलला की मलाच शंका आली.

त्यात गोपाळकृष्णकाका. हे सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त. मुलगा-सून दिवसभर हिंजवडीला, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून बाहेर जो सापडेल त्याला बोलतात. चढावर चालत आले आणि म्हणाले, "अहो, आपण पाणी आणणार आहात की नुसतं निघाल्याचं कळवणार आहात?" माझ्यावर विश्वास नाही म्हणून स्वतः डिझेलच्या टाकीचं झाकण काढलं, काठी बुडवून पाहिली, झाकण लावलं. "मारा आता." मारला, तर सुरू! दुसऱ्या दिवशीही तेच. मी, माऊली, वॉचमन, सगळे घामाघूम. काका आले, काठी बुडवली, धडधड सुरू. सोसायटीभर झालं, ट्रॅक्टर काकांचंच ऐकतो. तेव्हापासून प्रत्येक खेपेला काका मडगार्डवर, स्वेटर, कानटोपी आणि काठी घेऊन. वर मला सांगतात, "जनावर असो, यंत्र असो, माणूस ओळखतं. आपण स्टेअरिंग धरा." मामा, हे ऐकायला मी दहावीला दोनदा बसलो का?

काल काकांची अंघोळ व्हायची होती, म्हणून झाकण पुसत बसलो. खंडेनवमीला मी ट्रॅक्टर लोणीला आणला तेव्हा मामींनी तो पुजला, तेलात कुंकू कालवून झाकणावर स्वस्तिक काढलं, आठवतंय? त्या झाकणाला मधोमध बारीक भोक असतं, आत हवा जायला. मामींचा ठिपका बरोबर त्यावर. वाळून दगड झालेला. डिझेल बाहेर जाणार आणि त्याच्या जागी हवा येणार नाही, मग टाकी डिझेल सोडेल कशाला? काका झाकण काढत तेव्हा "फुस्स" व्हायचं, ते मला त्यांच्या गुडघ्यांचं वाटायचं. टाचणीने भोक मोकळं केलं. दिवसभरात एकदासुद्धा थांबला नाही!

तेव्हा ट्रॅक्टर नेऊ नका. केबल, कुरिअर, कंप्युटर क्लास, शंभू कुठे महिनाभर टिकत नाही, हे आपण दर लग्नात सांगता. इथे दुसरा महिना चाललाय.

आपला भाचा,
शंभू

ता. क. मामींना भोकाचं सांगू नका. ठिपका मनापासून लावला होता.

ता. क. दुसरा. ट्रॅक्टर सुधारला तर मग शंभू त्याच्याखाली का पडलाय, असं आपण विचारालच. काल ट्रॅक्टर थांबेना म्हणून काका काठी मांडीवर घेऊन दिवसभर नुसते बसून. उतरताना म्हणाले, "झालं, आता माझं काही काम नाही." आज सकाळी खाली आलेच नाहीत, गॅलरीत उभे, कानटोपीसुद्धा नाही. मला नुसता वैताग आला. म्हणून विहिरीवर त्या भोकात साबण भरला. आता चढावर बंद पडलोय, चाकांना दगड लावलेत, आणि इथून गेट दिसतं. काका निघालेत. स्वेटर आहे.

रविवारी आपल्यासमोर बंद पडला, तर कृपा करून झाकणाला हात लावू नका. काकांना हाक मारा.