दुपारचा कूलर

२ मार्च, रविवार

आली बाई एकदाची! उमरेड रोडवरच्या या लेआउटमध्ये, माह्या कोंबड्या घेऊन. दोन खोल्या, मागे चांगलं ऐसपैस आंगण, कडुनिंबाची सावली, भिंतीले लागून पक्कं खुराडं. घरमालकानं भाडं इतकं कमी सांगितलं का मी दोनदा विचारलं. ऑटोवाला कोंबड्यांच्या टोपल्या पाहून कुरकुरला, पण माहं तोंड पाहून चुपचाप उतरवून गेला.

लकडगंजच्या फ्लॅटमध्ये चेतननं, माह्या सख्ख्या पोरानं, पाहुण्यांसमोर मले म्हटलं का आई, हा फ्लॅट आहे, खुराडं नाही; एक तर कोंबड्या राहतील नाही तर तू. सून प्रणाली खाली मान घालून हसली, मी पाहिलं. ज्याले उमरेडले हातमागावर बसून बसून वाढवला, त्यानं असं म्हणावं? मी म्हटलं, मग आम्ही सगळ्याच जातो. तो स्वतः दारात येऊन 'आई, माझं चुकलं' म्हणत नाही तोवर त्याच्या घरचं पाणी पिणार नाही. लहानपणीही मार खायचा, पण 'चुकलं' म्हणायचा नाही. माह्यावरच गेला मेला.

आता घरात भांडायले कोणी नाही, म्हणून या डायरीशी भांडीन.

४ मार्च

शेजारच्या शोभाताई वांग्याची भाजी घेऊन आल्या. बाई चांगली दिसते, पण बोलता बोलता माह्या खुराड्याकडे अशी पाहे का जसा तिथं मुडदा ठेवला आहे. म्हणे इथं कोंबड्या पाळू नका, अन् दुपारी बाराच्या आत कूलर लावून बसा. मी म्हटलं मार्चच्या सुरवातीले कूलर? तर म्हणे आम्ही जानेवारीतही लावतो.

मले वाटलं मजाक करून राहिल्या. पण दुपारी खरंच सगळ्या गल्लीतले कूलर फुल स्पीडवर सुरू झाले. शोभाताई खिडकीतून दिसल्या, अंगावर शाल, डोक्शाले स्कार्फ, अन् समोर कूलर! पैसा उतू चालला लोकाहिचा, दुसरं काय? माह्याकडे कूलरही नाही अन् असली थेरंही नाहीत.

८ मार्च

घोगरी गेली.

माही सगळ्यात जुनी कोंबडी. कधी काळी गळ्यात सुताचा गुंता अडकला, तेव्हापासून तिचा आवाज घोगरा. अंडं घातलं का अशी ओरडे का अर्ध्या गल्लीले कळे. आज दुपारी अंडं घालायले टोपलीत बसली. बाजूच्या घराचा कूलर घुंई घुंई करे, तरी मी कान देऊन होती. ओरडणं काही आलंच नाही. जाऊन पाहते तं टोपलीत गरम अंडं, अन् घोगरी गायब. दाराले कडी होती तशीच.

चोर ओळखायले मले कोणी शिकवू नये. बाबानं शिकवलं आहे. मान फोडून दोनतीन तशाच टाकल्या तर मुंगूस. फाडून फेकल्या, खाल्ल्या नाही, तर कुत्रा. भिंतीखालून उकरलं तर घूस. अंडेच गेले तर साप. पिल्लू उचललं तर घार. अन् एकच नेली, कुंपणापर्यंत पिसं सांडले, तर रानबोका.

इथं एक पीस नाही, रक्ताचा थेंब नाही. पण एकच नेली ना? मग रानबोकाच. थांब बेट्या, तुले दाखवते तुळजाबाई काय चीज आहे ते!

११ मार्च

खुराड्याले सगळीकडून बारीक जाळी मारली. लोखंडी पिंजरा आणून त्यात सुकट ठेवली. काल सकाळी त्यात खरंच रानबोका सापडला. हा मोठा, पिवळ्या डोळ्याचा, माह्यावर फिसकारे. मनाची अशी शांती झाली म्हणून सांगू! वनखात्यात फोन केला, म्हणे उद्या माणूस पाठवतो.

आज दुपारी पिंजरा रिकामा. दार बंदच्या बंद. सुकट तशीच पडली. जाळी कुठंच वाकली नाही.

तो माणूस आला अन् मलेच हसला. म्हणे मावशी, तुम्ही पकडलाच नसन. मी त्याले असा झापला का गाडीत बसेपर्यंत त्यानं वळून पाहिलं नाही.

१४ मार्च

चेतननं ऑटोतून नवा कोरा कूलर पाठवला. सोबत ना चिठ्ठी, ना फोन. कूलर पाठवला का झालं? आईले असं मनवायचं असते का? त्याच पावली ऑटोवाल्याले परत धाडला.

मनातून बरं वाटलं तो भाग वेगळा. पण मले कूलर नको, मले त्याच्या तोंडून ते तीन शब्द पाहिजे.

शोभाताई फाटकात उभ्या राहून पाहत होत्या. कपाळाले हात लावून आत गेल्या.

१७ मार्च

आज घोगरी ओरडली.

दुपारी, कडुनिंबाच्या मागून. तोच फाटका आवाज, अंडं घातल्यावरचा. मी चप्पलही न घालता पळाली, ती-ती-ती करत. झाडामागं काही नाही. मग आवाज खुराड्यामागून आला. मग भिंतीपलीकडून. मी जितकं जवळ जावं तितका तो थोडा पुढे. कोंबड्या सगळ्या एका कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगावर चढून, चूप.

कोंबड्या भ्यायल्या का बोंब मारतात. चूप बसलेल्या मी जिंदगीत पाहिल्या नाही.

मग त्याच जागेवरून रानबोका फिसकारला. त्याच दमात. एकाच गळ्यातून.

मी घरात आली. कडी लावली. अन् भीतीपेक्षा राग जास्त. माही घोगरी मेली ते मेली, वर तिचा आवाज वापरतं?

१८ मार्च

शोभाताईच्या घरी जाऊन भांडली. त्यायच्या कूलरची पिनच काढली अन् म्हटलं, आता सांगा.

कूलर थांबला. बाहेरून पुरुषाचा आवाज आला, शांत, रोजच्यासारखा. "शोभा, चहा ठेव वं."

मग शोभाताईनं सांगितलं: त्यायचे यजमान मनोहरराव तीन वर्षापूर्वी भरदुपारी कोंबड्या का गलबलल्या ते पाहायले मागच्या आंगणात गेले. उठताना काही म्हणायले तोंड उघडलं होतं, पण आधी पाहून येतो म्हणे. आले नाही. त्यायचं जे बोलायचं राहिलं होतं, ते आता बाहेरचं ते, त्यायले खाणारं, बोलते. ज्याले खाते त्याच्या गळ्यात राहिलेलं. आपण आवाजाकडे गेलो का आपला नंबर. शोभाताई म्हणे, काल तुम्ही वाचल्या कारण घोगरी अन् बोका, दोघांले खाऊन त्याचं पोट भरलं असन.

मी चिल्लावली का आधी काहून नाही सांगितलं? म्हणे सांगितलं ना, कूलर लावा, म्हणजे आवाज ऐकूच येत नाही. अन् खरं सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?

नसतं ऐकलं. तरी सांगायचं होतं! सगळी गल्ली कूलरच्या आडून चूप बसली, अन् माह्यासारखी येऊन मरते.

निघताना पाहिलं, शोभाताईनं पिन लगेच लावली नाही.

२४ मार्च

चार कोंबड्या उरल्या. त्याहिले घरात, पलंगाखाली ठेवलं. दुपारी कानात कापूस, डोक्यावर उशी. तरी ऐकू येते. गेलेल्या सगळ्या बाहेर ओरडतात.

सोडून जाऊ कुठं? लकडगंजले? त्याच्या दारात जाऊन मले ठेव म्हणू? मरीन पण नाही म्हणणार.

२८ मार्च

चेतनचा फोन. पाडव्याले येतो म्हणे, कूलर घेऊन. आवाज नरम होता. काही म्हणायचं आहे तुले, म्हणे, समोर आल्यावर म्हणीन.

मी म्हटलं ये, पण पाचनंतर ये. दुपारी अजिबात येऊ नको. त्यानं विचारलं काहून? आता काय सांगू? सांगितलं तर म्हणन आई येडी झाली, अन् उचलून नेईल. भडकली मी. "सांगितलं तेवढं कर!" अन् फोन आपटला.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली. पुरणाचा कुकर लावला. त्याले आवडते.

बारा. कूलर सुरू झाले सगळीकडे.

ऑटो आला. फाटकाशी थांबला. आता? आता काहून? म्हटलं होतं ना पाचनंतर — मी खिडकीतून ओरडली, चेतन, आत ये, सरळ आत ये — घुंई घुंई घुंई — त्याले ऐकूच गेलं नाही. ऑटो वळून गेला. चेतननं कूलर खाली ठेवला. मागच्या आंगणात घोगरी ओरडली.

त्यानं तिकडे पाहिलं. हसला. तिचा आवाज त्याले माहीत आहे ना.

मी कडी काढेपर्यंत —

फाटकात कूलर आहे. चप्पल आहे. एकच.

—

मी कितीदा हाका मारल्या. एक दार उघडलं नाही. एक नाही. शोभाताईची खिडकी बंद झाली, मी पाहिलं. आग लागो तुमच्या कूलरले!

मीही त्याले नाही सांगितलं. मीही.

—

आता आवाज आला. खुराड्यातून.

"आई, माझं चुकलं. चल घरी."

लहानपणापासून एकदा नाही म्हटला. तेच म्हणायले आला होता. पाच वाजेपर्यंत दम नाही निघाला माह्या पोराले.

पुन्हा म्हणून राहिला. पुन्हा. तसंच.

कुऱ्हाड घेतली. दार उघडं टाकलं, कोंबड्या बाहेर हाकलल्या, पळा म्हटलं जिकडे वाट दिसन तिकडे. कापूस काढून फेकला. मी चालली. त्या खाणाऱ्याचं पोट फाडते, नाही तर —

तो पुन्हा म्हणते. थांब रे राजा, आली. मलेही तुले एक म्हणायचं आहे, इतके दिवस गळ्यात अडकून आहे, चेतन, माहंही —